चित्रातला जास्तीचा माणूस

वडसा, ९ सप्टेंबर २०२४

चि. मयुरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फाडलं नाहीस, असं धरून लिहितो. फाडलं असशील तर वाचणारं कोणी नाही, म्हणजे मला हवं ते लिहायला मोकळीक आहे.

तुझी आई दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी अंगणात जाऊन बसतो. मला फक्त तिच्याच बाजूचं ऐकू येतं. "हो का", "मंग?", "ओव्यानं शेक म्हणलं ना तुले". तुझ्या दिव्यानीला सहा दात आल्याचं मला असंच कळलं. फोन ठेवल्यावर आई बाहेर येते आणि मी विचारायच्या आधीच म्हणते, "बरी आहे." मग आम्ही दोघं चहा पितो. एकदा तरी फोन हातातून मागून घ्यावा असं दर रविवारी मनात येतं, आणि दर रविवारी मी चपला शोधत बसतो.

पाच वर्षं झाली. तुझ्या लग्नाच्या दिवशी निघताना तू सगळ्यांच्या पाया पडलीस. माझ्यापुढे आलीस, थांबलीस आणि विचारलंस, "तुमाले उठा म्हणलं अन् तुमी उठले?" मी काही बोललो नाही. तू प्रफुलशेजारी गाडीत जाऊन बसलीस. नागपूर काही लंडन नाही, बसनं चार तास. पण त्या दिवसानंतर तू या घरी आली नाहीस आणि मला बाबा म्हणून हाक मारली नाहीस.

जे झालं ते तुला ठाऊकच आहे, तरी माझ्या हातानं एकदा लिहितो. तुझा जन्मदाता श्रावण गेला तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. तीन वर्षांची झालीस तेव्हा तुझ्या आईनं माझ्याशी दुसरं लग्न केलं. तेव्हापासून तू माझ्या खांद्यावर वाढलीस. पण कन्यादानाच्या वेळी लोकांचं म्हणणं पडलं की पोरगी श्रावणच्या कुळाची, तेव्हा पाटावर श्रावणच्या सख्ख्या भावानं बसावं. मी बसलो होतो, तो उठलो. तुझे काका-काकू, सोमाजी आणि कलाबाई, बसले. तुझा राग सोमाजीवरही आहे हे मी जाणतो. तू त्यांच्या घरीही जात नाहीस, त्यांचा फोन उचलत नाहीस.

मला एवढंच हवं आहे की तू घरी यावंस आणि फाटकातून हाक मारावीस. नातीचं तोंड मी फक्त आईच्या मोबाईलवर पाहिलं आहे.

आता कामाचं. नाटक कंपन्या आता छापील फ्लेक्सचे पडदे वापरतात, हातानं रंगवलेले मागणाऱ्या दोनच कंपन्या उरल्या आहेत. गेल्या आठवड्यात मात्र एक फादर आले, केरळचे, जिवतीच्या वर डोंगरात त्यांचं लहानसं चर्च आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांनी माझा जंगलाचा पडदा पाहिला होता. मला वाटलं येशूवर नाटक बसवायचं असेल. तसं नाही. त्यांना चर्चच्या भिंतीवर लावायला एक चित्र हवं आहे, आठ फूट बाय सहा फूट. नाताळनंतरच्या रविवारी त्यांचा एका कुटुंबाचा सण असतो, त्या दिवशी ते लावायचं. मूळ चित्र कुठल्यातरी परदेशातल्या चर्चमध्ये आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. त्याचा फोटो त्यांनी कागदावर मोठा करून आणला होता.

मी हो म्हणालो. पुढचे दीड महिने तिकडेच राहीन. उत्तर दे असं म्हणत नाही. वाच फक्त.

आशीर्वाद.


जिवतीच्या वर, २ ऑक्टोबर २०२४

चि. मयुरी,

इथे चर्चच्या मागे एक खोली दिली आहे, तीत राहतो. किल्ल्या आणि घंटा सांभाळणारे लच्छूभाऊ माझ्याच वयाचे आहेत. सकाळी ते ज्वारीची भाकर आणतात आणि मी जेवेपर्यंत चित्राकडे पाहत उभे राहतात. त्यांच्या धर्माची इथे वीसेक घरं आहेत. बाकीच्या गावालाही चित्राचं कौतुक आहे, रोज कोणी ना कोणी खिडकीतून डोकावतं. मोबाईलला रेंज यायला टेकाडावर चढावं लागतं, म्हणून इथे कोणी कोणाला उगाच फोन करत नाही.

चित्र कसं आहे ते सांगतो. सुताराचं घर आहे. आई बसली आहे, शिवणकाम मांडीवर तसंच राहिलं आहे. वर्षासव्वा वर्षाचं पोर तिच्या गुडघ्याला धरून नुकतं उभं राहिलं आहे आणि हात सोडायच्या बेतात आहे. डावीकडून उजेड येतो तो या दोघांवर पडतो. बाकी सगळा अंधार. त्या अंधारात मागे एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा वाकून उभा आहे. रंधा बाजूला ठेवला आहे आणि एक हात पोराकडे पुढे केला आहे. पोर पडलं तर धरता यावं म्हणून असेल. पण अजून धरलेलं नाही.

या अंधारानंच मला जेरीस आणलं. आमच्या पडद्यात आम्ही अंधार कधी रंगवत नाही. अंधार हवा असला की दिवे बंद करतात. पडदा म्हणजे सगळं लख्ख दिसलं पाहिजे, शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसालाही. मी नेहमीप्रमाणे कापडाला पांढरा हात दिला आणि त्यावर काळा रंग लावत बसलो, तर ती खोली कोळशाची वखार दिसायला लागली. फादरांनी लॅपटॉपवर मोठं करून दाखवलं. त्या काळच्या या तऱ्हेला बरोक म्हणतात म्हणे. ते लोक कापड आधीच काळपट तपकिरी करून घ्यायचे आणि मग त्यातून माणसं बाहेर काढायचे. चाळीस वर्षं ब्रश धरला आणि मला हे सुचलं नव्हतं. कापड धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आणखी एक अडचण होती, ती मी माझी मीच सोडवली. चित्रात बाप नव्हता. आई आहे, लेकरू आहे, आजोबा आहेत, बहुतेक आईचेच वडील, लेकीकडे राहायला आले असतील. बाप कुठे गेला? फादर पंधरा दिवसांसाठी खाली गेले आहेत, नाहीतर विचारलं असतं. मी असं ठरवलं की फोटो छापताना उजवी कड कापली गेली असणार. कुटुंबाचा सण आहे आणि घरच्या कर्त्या माणसालाच जागा नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून उजवीकडच्या अंधारात मी एक बाप उभा केला. उंच, तिशीतला, खांद्यावर कांबळं, मिशी. चेहरा चांगला जमला आहे. लच्छूभाऊ दोन दिवस त्याच्याकडे पाहत आहेत, बोलत काही नाहीत.

तुला आठवतं का माहीत नाही. तू चार वर्षांची असताना नाटकाच्या रात्री दरबाराच्या पडद्याच्या गुंडाळीवर झोपली होतीस आणि प्रवेश बदलायची घंटा झाली तरी मी तुला उठवलं नाही. राजाचा दरबार त्या रात्री जंगलातच भरला. कंपनीच्या मालकानं मला लोकांसमोर बोल लावले. मला काही वाटलं नाही. लोकांसमोर बोलणी खाण्याची तेव्हा मला भीती नव्हती.

आशीर्वाद.


जिवतीच्या वर, १६ ऑक्टोबर २०२४

चि. मयुरी,

परवा फादर आले. मी चित्रावरची चादर काढली. ते माझ्या त्या मिशीवाल्याजवळ गेले, वाकले, आणि म्हणाले, "पेंटरजी, ये कौन है?"

मी म्हणालो, "लेकराचा बाप."

फादरांनी चष्मा काढून पुसला. लच्छूभाऊ दाराशी होते, ते म्हणाले, "मी म्हणतच होतो का हा मानूस जास्तीचा आहे. पण पेंटरभाऊ एवढ्या मनानं काढून राह्यले, मी कायले बोलू?"

मग फादर माझ्या स्टुलावर बसले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. तो म्हातारा आजोबा नाही. तो त्या बाईचा नवरा, योसेफ. लेकरू त्याच्या रक्ताचं नाही, देवाचं आहे, असं ते मानतात. लग्नाआधीच बाईला दिवस गेल्याचं योसेफला कळलं. तो गपचूप बाजूला व्हायच्या बेतात होता. रात्री स्वप्नात त्याला सांगणं झालं की भिऊ नको, बाईला घरी आण. त्यानं आणलं. पोराचं नाव त्यानं ठेवलं. राजाची माणसं लेकरं मारत सुटली तेव्हा दोघांना घेऊन परमुलखात पळाला. पोराला सुतारकी शिकवली. गावातले लोक पुढे त्या पोराला सुताराचा पोरगा म्हणूनच ओळखत.

मी विचारलं, "लोक काही बोलले नाहीत त्याला?"

फादर म्हणाले, "बोले होंगे. पुस्तकात लिहिलं नाही. आणि एक सांगतो, पूर्ण पुस्तकात योसेफ एक शब्द बोलत नाही. फक्त करतो."

मी हसलो नाही, चिडलो नाही, मला नुसतं बसावंसं वाटलं. स्टुलावर फादर होते, मी जमिनीवरच बसलो. मयुरी, मी अख्खं कुटुंब पंधरा दिवस रंगवत होतो. त्यातला बाप माझ्यासमोर हात पुढे करून उभा होता आणि मला तो बाप वाटला नाही. तो मागे आहे, अंधारात आहे, पोर त्याच्यासारखं दिसत नाही, एवढ्यावरून मी त्याला पाहुणा ठरवलं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस आणून उभा केला. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली असती तर मी समजू शकलो असतो. माझ्या हातून व्हायला नको होती.

काल मिशीवाल्यावर तपकिरी रंगाचे तीन हात दिले. आज योसेफला पुन्हा पहिल्यापासून घेतलं आहे. दाढी थोडी कमी पांढरी केली. फादर म्हणाले तो तेव्हा इतका म्हातारा नसेलही, जुन्या चित्रकारांनी केला आहे. हाताशी अडलो आहे. हात पुढे आहे आणि धरलेलं नाही, हे एकाच वेळी दाखवायला जमत नाही. बोटं आखडली की तो घाबरट दिसतो, ताणली की पोराला ओढून घेईल असं वाटतं.

पहिल्या पत्रात लग्नाबद्दल मी जे लिहिलं ते पुरतं खरं नाही. एवढं आज लिहितो. पुढचं लिहायला हात उचलत नाही.

आशीर्वाद.


वडसा, २० नोव्हेंबर २०२४

चि. मयुरी,

दिवाळीला खाली आलो. चित्र झालं आहे, फक्त तो हात राहिला आहे. सीझन सुरू झाला आणि रोज कुठे ना कुठे नाटक आहे. परवा सोमाजी गावाहून आले आणि म्हणाले, "चला मुखरूभाऊ, सोबत पाहू." तुला वाटत असेल आमचं बोलणं नसेल. आहे. त्यांनी कधी तोडलं नाही.

मध्यंतराला आम्ही भजी घेऊन मंडपाबाहेर उभे होतो. सोमाजी म्हणाले, "मयुरीनं माह्या घरी पाय ठेवला नाई, पाच साल झाले. कलाबाई तिच्यासाठी दरसाल लोणच्याची बरणी बाजूले ठेवते. मंग उन्हाळ्यात आमीच खातो."

मी म्हणालो, "तुमी तिले खरं काऊन नाई सांगतलं?"

"मी सांगतलं असतं तं ती म्हणली असती, काका आपल्यावरचं झटकून राह्यला. ते तुमी सांगाचं आहे. मी वाट पाहून राह्यलो."

घंटा झाली, आम्ही आत गेलो. पुढच्या दोन अंकांत काय झालं ते मला सांगता येणार नाही.

आता ऐक. लग्नात मला कोणी उठवलं नाही. कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मी पाटावर बसलो होतो. तुझी आई आत तुझ्यापाशी होती, ती यायची होती. भटजींनी सहज विचारलं, मुलीच्या वडिलांचं नाव, कुळ सांगा. श्रावणचं सांगावं की माझं, हे मला कळेना. मला वाटलं, मी श्रावणचं सांगितलं तर वराकडचे म्हणतील, मग हा कोण बसला आहे. माझं सांगितलं तर आपल्याकडचं कोणीतरी उठून म्हणेल, हे नाही चालणार. कोणी म्हणालं नाही. कोणी म्हणायच्या आधीच मी उठलो. सगळ्या मांडवासमोर कोणी मला उठवावं, त्यापेक्षा आपणच उठलेलं बरं, असं मला त्या घडीला वाटलं.

सोमाजी वऱ्हाड्यांना पाणी देत होते. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "तुमी बसा." ते म्हणाले, "मुखरूभाऊ, पोरगी तुमची आहे. काऊन असं करून राह्यले? बसा तुमी." मी ऐकलं नाही. मुहूर्त निघून जातो म्हणालो, लोक पाहतात म्हणालो, कलाबाईंना हाक मारली आणि त्यांना जवळजवळ ढकलूनच बसवलं. मग मागे आचाऱ्यांकडे गेलो. तुझी मंगलाष्टकं मी भाताच्या हंड्याजवळ उभं राहून ऐकली.

आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, लोकांचं म्हणणं पडलं. कोण लोक, तिनं विचारलं. मी म्हणालो, सोमाजीकडचे. एवढ्या एका शब्दात मी तो भला माणूस तुझ्यापासून तोडला. तू निघताना मला विचारलंस, तेव्हाही सांगता आलं असतं. मी गप्प राहिलो, कारण "उठवलं म्हणून उठला" हे "आपणच उठला" याच्यापेक्षा बरं वाटत होतं. योसेफही बोलत नाही, पण तो गप्प राहून काही करत होता. मी गप्प राहून लपत होतो.

तू मला इतकी वर्षं दुबळा समजत होतीस. हे वाचून त्याहून वाईट समजशील आणि ते बरोबर असेल. ज्या पोरीनं मला कधी परका मानलं नाही, तिच्या लग्नात मीच स्वतःला परका ठरवलं. मला त्याची लाज वाटते. तू यापुढे कधीच आली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. पण सोमाजीशी बोल. कलाबाईशी बोल. त्यांचा काही दोष नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवूनच पाकिटात घालतो आहे.

आशीर्वाद.


जिवतीच्या वर, २९ डिसेंबर २०२४

चि. मयुरी,

तुझी आई माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि शेजारी रंजीताकडे जाऊन बसायची. बाराव्या दिवशी म्हणाली, "माह्याशी लग्न केलं तवा नाई भेले, अन् पोरीच्या लग्नात भेले." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "हो काय म्हणता, भाजीत मीठ कमी आहे का ते सांगा." मग आम्ही जेवलो.

तू सोमाजींना फोन केलास हे मला तिच्याकडूनच कळलं. तासभर बोललीस आणि दोघंही रडलात म्हणे. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडा हेवाही वाटला. मला फोन आला नाही. यावा असं मी म्हणालो नव्हतो, पण त्या आठवड्यात मी मोबाईल चार्जिंगला लावून त्याच्याच शेजारी बसत होतो.

आज चित्र लागलं. आईला सोबत आणलं आहे. वाटेत घाटात तिला मळमळलं, आणि आता ती इथल्या बायकांना आंबाडीची भाजी शिकवते आहे. प्रार्थनेत माझं नाव घेतलं, सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, मी खाली पाहिलं. लच्छूभाऊंनी सगळ्यांना हेही सांगितलं की पेंटरनं आधी चार माणसं काढली होती. सरसाचा रंग पातळ असतो, सकाळच्या उन्हात उजवीकडून पाहिलं तर मिशी अजून अंधूक दिसते. मी पुन्हा एक हात द्यायला निघालो होतो. फादर म्हणाले राहू द्या, कोणाचं काही बिघडत नाही.

योसेफचा हात शेवटी जमला. युक्ती काही नाही. लच्छूभाऊंची नात अंगणात चालायला शिकत होती, तिच्यामागे ते कमरेत वाकून फिरत होते. त्यांचा हात पाहून काढला. बोटं सैल असतात, मयुरी. ताणलेली नाहीत, आखडलेलीही नाहीत. पोर पुढे जातं तसा हात त्याच्यामागून जातो. तुझ्यामागून माझाही असाच गेला असेल, पण आपला हात आपल्याला कुठे दिसतो.

दिव्यानी चालायला लागली का? आईला विचारलं तर ती म्हणते, "तुमीच विचारा." म्हणून विचारतो.

आशीर्वाद.


वडसा, १४ जानेवारी २०२५

चि. मयुरी,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पोस्टमन फाटकात उभा राहून म्हणाला, "पेंटरबाबा, नागपूरचं आहे." मी हात पुसून घेतलं, तरी पाकिटाला निळा रंग लागलाच. आईनं मागितलं तर दिलं नाही. आधी मी एकट्यानं वाचलं, मग तिला दिलं, मग परत मागून घेतलं.

तू सगळ्यांत वर "बाबा" लिहिलं आहेस आणि मग लगेच लिहिलं आहेस, "माझा राग गेलेला नाही." ते वाजवी आहे. राहू दे जितके दिवस राहायचा तितके. राग घेऊनही घरी येता येतं, एवढंच सांगतो.

दिव्यानी नऊ पावलं चालली हे लिहिलंस, ते आई शेजारीपाजारी सांगून आली आहे. परत येईपर्यंत नवाची पंधरा झाली होती.

आता तुझ्या विचारण्याचं. दिव्यानीचं जावळ काढायचं आहे, पोरीला मामाच्या मांडीवर बसवून केस काढतात, आणि तुला भाऊ नाही. सोमाजींनाही दोन्ही मुलीच. तू सोमाजींना विचारलंस की मामाच्या जागी तुम्ही बसाल का. त्यांनी तुला जे उत्तर दिलं ते तू जसंच्या तसं लिहिलं आहेस, तेवढ्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही: "एकदा मी तुह्या बापाच्या जागेवर बसलो बाई. आता नाई बसत. त्याले विचार. तो आपल्या जागेवर बसन." आणि त्याखाली तुझं वाक्य, "प्रफुलकडची पन्नास-साठ माणसं असतील. नाव विचारतील, नातं विचारतील. बसाल का? आणि बसलात तर मधेच उठायचं नाही."

मयुरी, मी बसतो. नाव विचारलं तर मुखरू सांगीन. नातं विचारलं तर मुलीचा आजा म्हणून सांगीन. कोणी पुढे काही विचारलं तर त्याचंही उत्तर देईन, तुझ्याकडे किंवा सोमाजींकडे पाहणार नाही.

दोन तारखेला सकाळच्या बसनं आम्ही चौघं निघतो, सोमाजी आणि कलाबाई धरून. आणि उठायची काळजी तू करू नकोस. दोन वर्षांपासून माझा उजवा गुडघा गेला आहे, एकदा मांडी घालून खाली बसलो की मला उठवायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी ती दोन माणसं तू आणि प्रफुल व्हा, आणि केस पुरते काढून होईपर्यंत जवळ येऊ नका.